डावीकडे बघणारा चेहरा

शहापूर
१४ सप्टेंबर १९९७

पौर्णिमास,

जयभीम.

नाशिकच्या हॉस्टेलचा पत्ता मी सकुआत्याकडून घेतला. तिनं आधी दिला नाही. "ती नको बोललीय ना रे तुला," असं दोनतीनदा म्हणाली. मग तुझं पोस्टकार्ड फळीवर ठेवलं आणि स्वतः चुलीकडे तोंड करून बसली. मी पत्ता उतरवून घेतला. तेव्हा तिच्यावर रागावू नकोस.

आईचे गुडघे सुजतात, बाकी बरी आहे. तू तिला पत्रं लिहितेस ती मीच वाचून दाखवतो, हे तुला ठाऊक असणारच. त्यात माझं नाव कुठंही नसतं, वर पत्ताही नसतो. परवा आईनं विचारलं, "तुझ्यासाठी काय लिवलंय?" मी म्हटलं, "दादा बरा आहे का, असं विचारलंय." आई खूश झाली. म्हणजे तुझ्या नावानं मी खोटं बोललो. पण नर्सिंगच्या परीक्षेत तू पहिली आलीस हे वाचताना मात्र मी काही घातलं नाही की गाळलं नाही.

दुकान चालू आहे, पण पूर्वीसारखं नाही. लोक आता वासिंदच्या एका माणसाला बोलावतात. तो नवरानवरीला बदामात बसवतो आणि चारी बाजूंनी फुलं पाडतो. मी मुंबईत आठ वर्षं फिल्मच्या एडिटिंग रूममध्ये काढली, हे आता इथं कुणाला कौतुकाचं वाटत नाही.

तुझ्या लग्नाच्या कॅसेटबद्दल एकदाच लिहितो. तुझ्या मनात आहे की सगळं माझ्यामुळं झालं. अगं, तुझ्या सासरच्या, मुरबाडच्या लोकांनी अख्खी आळी बोलावून ती कॅसेट पाहिली. त्यांना दिसलं की हार घातल्यावर तू मान वर करून हसलीस, लगेच पडद्यावर आपला धनेश हसताना आला, आणि मग परत तू, मान खाली घातलेली. तो डोळखांबकडचा, दुसऱ्या समाजातला, कॉलेजात तुझ्या वर्गात होता, हे त्यांना कुणीतरी सांगितलंच असणार. तेवढ्यावर त्यांनी लग्न होऊन सव्वा महिन्यात तुला आणून सोडलं. अशा माणसांना निमित्तच हवं असतं. ते नसतं तर दुसरं मिळालं असतं.

तुझ्या नवऱ्याच्या, महेंद्रच्या मामांनी आपल्या ओटीवर बसून माझ्याकडे मूळ टेप मागितली. कॅमेऱ्यातली, जोडकाम करण्याआधीची. मी सांगितलं, ती पुसली. या धंद्यात एक टेप चार लग्नांना वापरतात. नसलेली वस्तू मी कुठून दाखवणार होतो? धनेशचा तुकडा तिथं कसा आला ते मला आठवत नाही. मशीन जुनं आहे, कधी मागेपुढे होतं.

थंडीत लागेल म्हणून आईनं गोधडी शिवायला घेतली आहे. उत्तर आईच्या नावानं पाठवलंस तरी चालेल.

तुझा दादा
इंद्रजीत


शहापूर
२ फेब्रुवारी १९९९

पौर्णिमास,

जयभीम.

धडगावच्या आरोग्य केंद्रात तुला नोकरी लागली. आईनं शेजारपाजारी पेढे वाटले. तिनं कुणाला तरी विचारलं, धडगाव कुठं आलं, आणि तो म्हणाला, गुजरातच्या अंगाला, सातपुड्यात. तेव्हापासून ती म्हणते, "इतक्या लांब कशाला गेली गो माझी?" 

गेल्या पत्रात मी लिहिलं होतं की तो तुकडा कसा आला ते आठवत नाही. ते खरं नव्हतं. खरं लिहायला धनेशनं भाग पाडलं.

तो मला खर्डीला स्टेशनबाहेर भेटला. रिक्षाच्या रांगेपाशी त्याची आई बाईजा गाठोडं घेऊन बसली होती, हा तिच्या शेजारी. आता भिवंडीत गोदामात कामाला आहे. सिद्धगडच्या पायथ्याच्या गावात त्याचं ठरलं होतं, ते त्याच वर्षी मोडलं. मुरबाडपासून ते गाव फार लांब नाही, बोलणं पोचलंच. मला बघून तो उठला नाही.

"इंदरदादा, एकच सांग. त्या कॅसेटमदी मी कोणाकडं बघून हसतोय?"

मी म्हटलं, "पंगतीत. कॅमेरा माझ्याकडे देऊन कोंडूनं तुझ्या पत्रावळीत बुंदी दोनदा वाढली, तू नको नको म्हणत होतास."

"म्हंजे तुला म्हायत व्हता."

"हो."

"मग त्यांना का नाय सांगितलास?"

बाईजा मधे म्हणाली, "जाव दे रे, चल." आणि त्याला हाताला धरून रिक्षात बसवलं, लहान पोराला बसवतात तसं. 

तर आता तुला सांगतो. एडिटिंग रूममध्ये मी फिल्मचे तुकडे कापायचो, खिळ्यांना टांगायचो, चिकटपट्टीनं जोडायचो. तिथले आमचे साहेब सांगत, आधी बघणारा माणूस दाखव, मग तो काय बघतो ते दाखव, मधलं प्रेक्षक स्वतः जोडतो. एकाच नटाच्या चेहऱ्यापुढं कधी भाकरी लावायचे, कधी तिरडी. चेहरा तोच, पण आम्हाला वाटायचं, पहिल्यात तो भुकेला आहे, दुसऱ्यात दुःखी. मी ते बघून वेडा झालो होतो. गावी परत आलो तेव्हा ठरवलं, लग्नाच्या कॅसेटी अशाच करायच्या. इथले बाकीचे लोक कॅमेऱ्यात जे येईल ते तीन तास तसंच देतात, वर गाणी चिकटवतात. मी देणार नव्हतो.

आणि तुझं लग्न तर माझ्याच बहिणीचं. ती कॅसेट सगळ्यांत चांगली व्हायला हवी होती.

पंचशील झालं, तुम्ही हार घातले, आणि तू मान वर करून हसलीस. पांढरी साडी, वरून मांडवाच्या कापडातून आलेला उजेड. पुनी, इतका चांगला शॉट मला आयुष्यात मिळाला नव्हता. तेव्हा कॅमेरा दुकानातल्या कोंडूच्या हातात होता. त्यापुढं त्यानं तो फिरवला आणि सगळं हललं, धूसर झालं. ते मी टाकून दिलं. आता तुझ्या हसण्यापुढं काहीतरी लावायला हवं होतं. तू उजवीकडे बघत होतीस. त्याला जोडून डावीकडे बघणारा चेहरा लागतो, तरच दोघं एकमेकांकडे बघतात असं वाटतं. आणि हसरा हवा. मी चारही टेपा पुढं-मागं करून पाहिल्या. आत्याचा चेहरा उजवीकडे. एका शेजारणीच्या तोंडावर पदर. डावीकडे बघणारा, नीट उजेडातला, हसणारा एकच होता, धनेशचा, दोन तासांनंतरचा. मी तो लावला. तो कोण आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला फक्त नजर जुळलेली दिसली. त्यानंतर तुझी खाली घातलेली मान लावली. ती तर हाराआधीची होती. सगळं मिळून सात सेकंद. मी ते वीसेक वेळा चालवून पाहिलं आणि स्वतःवरच खूश झालो.

आणखी एक. कॅसेट मुरबाडला देण्याआधी मी आईला दाखवली होती. तिथं आली आणि म्हणाली, "हा धनेश हितं कुठला रे? हा तर तवा मागं सैपाकाकडं व्हता." मी हसलो. म्हटलं, "आई, याला एडिटिंग म्हणतात." ती म्हणाली, "बरा नाय दिसत. काढून टाक."

नंतर मलाही वाटलं, काढावा. फिल्म असती तर पट्टी सोडवून तुकडा काढला असता, दोन मिनिटांचं काम. व्हिडिओ टेपमध्ये तसं होत नाही. एका मशीनवर चालवायचं, दुसऱ्यावर उतरवत जायचं, एकामागून एक. मधला एक तुकडा काढायचा तर तिथून पुढचं सगळं परत उतरवावं लागतं. पुढं दीड तासाचं काम केलेलं होतं. तयार कॅसेटीवरून दुसरी उतरवावी तर रंग फुटतात, चेहऱ्यांवर मुंग्या येतात, आणि मला माझ्या बहिणीचं लग्न फुटलेल्या रंगात द्यायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुरबाडचा माणूस न्यायला येणार होता.

मी तसंच दिलं.

मूळ टेप पुसली गेली नसती तर दाखवता आली असती. पण ती पुसली गेली.

इंद्रजीत


शहापूर
१९ डिसेंबर २००४

पौर्णिमास,

आईला जाऊन आज बारा दिवस झाले. तू आलीस, चार दिवस राहिलीस, सकुआत्याजवळ बसलीस. विहारातून आल्यावर मी तुला पाण्याचा तांब्या दिला, तो घेतलास, पण भिंतीकडे बघत. केस पांढरे व्हायला लागलेत तुझे. मला ते माहीत नव्हतं. सातपुड्यातल्या पाड्यांवर पायी फिरतेस, असं आत्या सांगत होती.

तू गेल्यावर मी आईची कोठी आवरली. खाली, भाताच्या बियाण्याच्या डब्यामागं, माझ्या हातानं ठेवलेली ती टेप होती.

मी ती पुसली नव्हती. गेल्या दोन्ही पत्रांत खोटं लिहिलं. ती दुकानातच होती, मामा ओटीवर बसले होते तेव्हासुद्धा, इथून चालत पाच मिनिटांवर. त्यांना परत पाठवल्यावर मी ती घरी आणून लपवली.

त्या दिवशी काय झालं ते तुला मी काय सांगायचं? तू दाराच्या आत उभी होतीस. तरी लिहितो, कारण माझ्या हातानं ते एकदा कागदावर यायला हवं. मामांनी विचारलं, "पोरगी कोणाकडं बघून हसली?" आई म्हणाली, "माझ्याकडं. मी मागं उभी व्हते." मामा माझ्याकडे वळले. "तू केलीस ना कॅसेट? आई बोलते ते खरं का?"

ओटीवर आणखी माणसं होती. किन्हवलीचा लडकू त्याच्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग ठरवायला आला होता, तो उठून गेला नव्हता. तालुक्यात लोक मला फिल्मवाला म्हणायचे. मी म्हटलं असतं की धनेशचा शॉट मी दुसरीकडचा आणून लावला, तर लोक म्हणाले असते, हा लग्नात नसलेल्या गोष्टी घुसवतो, याच्याकडे कोण येणार? एक कुणीतरी खोटं ठरणार होतं. मी म्हटलं, "मला काय माहीत? कॅसेटमध्ये आहे ते आहे."

आईनं माझ्याकडे पाहिलं. पुढं आठ वर्षं ती माझ्या हातचं जेवली, माझ्याकडून औषध घेतलं, तुझी पत्रं ऐकली, आणि त्या वाक्याबद्दल एक शब्द बोलली नाही. दवाखान्यात शेवटच्या दिवशी मीच विषय काढला. ती म्हणाली, "मला नको सांगू. मी तर तिथंच व्हते."

काल मी मशीन जोडून टेप लावली. पावसाळ्यांनी पांढरी बुरशी चढली होती. स्पिरिटनं पुसत पुसत चालवली. तू मान वर करतेस, हसतेस. मग कॅमेरा तुझ्या नजरेमागं फिरतो, हलतो, बायकांची डोकी येतात, आणि सगळ्यांच्या मागं आई दिसते. तिला पुढचं दिसत नव्हतं म्हणून ती पत्र्याच्या डब्यावर चढून उभी आहे. डबा डुगडुगतोय. तिनं एका हातानं मांडवाचा बांबू धरलाय आणि दुसऱ्या हातानं तुला खूण करतेय, रडू नको म्हणून. चार सेकंद. धूसर आहे, पण ती आईच आहे. संपूर्ण लग्नात आईचा दुसरा शॉटच नाही. हाच मी खराब म्हणून टाकला होता.

मी हे घेऊन मुरबाडला जाणार आहे. त्यांना दाखवणार आहे. आधीच जायला हवं होतं.

इंद्रजीत


शहापूर
६ मार्च २००५

पौर्णिमास,

जाऊन आलो.

व्हीसीआर आता कुणाकडे नसतो, सगळीकडे सीडी. म्हणून माझंच मशीन गोणपाटात बांधून एसटीत घेऊन गेलो. महेंद्र शाळेत क्लार्क आहे, तिथंच अजून. रविवार होता. घर तेच, पुढं स्लॅब टाकलाय. त्याचं दुसरं लग्न होऊन सात वर्षं झाली, हे तुला माहीत असेल. त्याच्या बायकोनं मला ओळखलं नाही. पाणी दिलं, चहा ठेवला. मामा तीन वर्षांमागं वारले. ज्यांना दाखवायचं होतं ते उरलेच नव्हते. तरी मी मशीन जोडलं.

महेंद्रनं एकदा पाहिलं. मग म्हणाला, "परत लावा." परत पाहिलं. डब्यावर चढलेली आई आली तेव्हा पुढं सरकून बसला.

मी जे तुला लिहिलं ते सगळं त्याला सांगितलं. पंगत, धनेश, डावीकडची नजर, ओटीवरचं माझं वाक्य. त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला,

"मला म्हायत व्हता."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"कॅसेट बघितली त्याच दिवशी पौर्णिमा मला बोललेली. आईकडं बघून हसले, बोलली. मला पटलं व्हतं. ती खोटं बोलणारी नव्हतीच."

"मग तुम्ही तिला सोडलंत कशाला?"

"तुमच्या ओटीवर मी मामांच्या शेजारी बसलो व्हतो की नाय? त्यांना आमी सांगून आणलं व्हतं, तिच्या घरच्यांना विचारा, तिचा भाऊच कॅसेट बनवतो, तो सांगेल. मामा बोललेले, भाऊ बोलला तर मी आळीत सगळ्यांना सांगीन, पोरगी घरात राहील. तुमी सख्खे भाऊ. तुमीच बोललात, मला काय माहीत. मग मी कोणाच्या जोरावर तोंड उघडणार व्हतो?" मग म्हणाला, "उघडायला पायजे व्हतं, ते पण खरंय."

पुनी, मी नऊ वर्षं मनाशी धरून होतो की त्यांना निमित्त हवं होतं. त्यांना नको होतं. ते तुला ठेवायचं कारण शोधत आपल्या दारात आले होते.

त्याची बायको दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती पुढं आली आणि तिनं टीव्ही बंद केला. "पोरगी खेळून येईल आता," एवढंच म्हणाली. मी मशीन परत गोणपाटात बांधलं. महेंद्र स्टँडपर्यंत सोडायला आला. त्यानं तुझा पत्ता विचारला. मी दिला.

मी त्याला म्हटलं, हे आळीत सगळ्यांना सांग. तो म्हणाला, "आता कोणाला आठवतं?"

मला कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तू दे. काहीही लिही, पण लिही.

इंद्रजीत


धडगाव
२८ मार्च २००५

दादास,

जयभीम.

तुझी सगळी पत्रं मिळाली होती. वाचली होती.

महेंद्रचा फोन मंगळवारी केंद्रात आला. डॉक्टरांनी घेतला आणि सगळ्यांसमोर मला हाक मारली. लसीकरणाचा दिवस होता, बाहेर बायका लेकरं घेऊन उभ्या होत्या. तो फोनवर रडायला लागला. मी "हो, हो" म्हणत राहिले आणि ठेवला. माझं लग्न झालं होतं, हे मी इथं सहा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. आता शिपायापासून सगळ्यांना माहीत झालंय. केंद्रात माझ्याशी एकजण लग्नाचं बोलत होता. त्याला मी हे माझ्या वेळेनं, माझ्या तोंडानं सांगणार होते. तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलतोय. पुढं काय होईल ते मला माहीत नाही.

तू मुरबाडला जाण्याआधी मला विचारलं नाहीस. जाणार आहे, असं कळवलंस. पत्ता देण्याआधीही विचारलं नाहीस. त्या दिवशी ओटीवर तू माझ्यासाठी बोलला नाहीस, आणि आता माझ्यासाठी बोलून आलास. दोन्ही वेळा मला काय हवंय हे कुणी विचारलं नाही.

महेंद्रला पटलं होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. त्याच्या तोंडावर दिसत होतं. म्हणून त्याच्याकडे परत जायची माझी इच्छाच उरली नव्हती. ज्याला पटलंय आणि तरी जो गप्प बसतो, त्याच्या घरी काय जायचं? तू मला तिथं परत बसवायला निघाला होतास का? मला कळत नाही.

आईनं त्या दिवशी रात्री मला जवळ घेतलं आणि म्हणाली, त्याला तोडू नको, तुला दुसरा भाऊ नाय. मी तिला हो म्हटलं नाही. ती गेली तरी म्हटलं नाही.

आईच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला मी येणार आहे. एक दिवस आधी येईन. घरीच उतरेन, आत्याकडे नाही. तू मला काही समजावून सांगू नकोस. माफी तर मुळीच मागू नकोस. समोर बस. नऊ वर्षांचं मला बोलायचं आहे, ते माझ्या क्रमानं बोलणार आहे, आणि माझं संपेपर्यंत तू मध्ये बोलायचं नाहीस.

पौर्णिमा